नाशिकच्या आसपास एका रात्रीचा मुक्काम: जागा कशी निवडावी

मुक्कामाची जागा शोधताना बहुतेक जण आधी फोटो बघतात, मग भाडं आणि रस्त्याचा विचार अगदी शेवटी करतात. नाशिकच्या आसपास फिरायचं असेल तर हा क्रम उलटा करा. आधी रस्ता आणि पोचायची वेळ, मग जेवणपाणी, मग भाडं आणि सगळ्यात शेवटी फोटो. एका रात्रीच्या मुक्कामात ती जागा तुमच्या वाट्याला येते ती संध्याकाळी पाच ते सकाळी नऊ एवढीच, आणि त्यातले सात-आठ तास झोपेत जातात. उरलेल्या वेळात समोर काय दिसतं, ताटात काय पडतं आणि शेजारी कोण डीजे लावून बसलंय, यावर सगळं ठरतं. स्विमिंग पूल बघून बुकिंग करायचं आणि अंधारात पोचून थेट जेवायला बसायचं, असं अनेकांचं होतं. पुलाचे पैसे मात्र भाड्यात गेलेले असतात.

आधी महिना, मग दिशा

इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सिन्नर-येवल्याकडे त्याचा पाव हिस्साही पडत नाही. एकाच जिल्ह्यात एवढा फरक असल्यामुळे जुलैतली चांगली जागा जानेवारीत चांगली असेलच असं नाही. म्हणून आधी कोणत्या महिन्यात निघताय ते बघा आणि त्यावरून गाडीचं तोंड कुठे वळवायचं ते ठरवा.

पावसाळ्यात पश्चिम आणि नैर्ऋत्य. त्र्यंबक, हरसूल, पुढे मोखाडा-जव्हार. किंवा घोटी, इगतपुरी, भावली धरण आणि तिथून जिल्हा ओलांडून भंडारदरा. भाताची आवणी चालू असते तेव्हा घोटीपुढचा पट्टा बघण्यासारखा असतो. पण शनिवार-रविवारी त्या रस्त्यांवर निम्मी मुंबई येते. मंगळवार-बुधवार जमत असेल तर भाडंही कमी पडतं आणि धबधब्याखाली उभं राहायला जागाही मिळते. अतिवृष्टीचा इशारा असला की प्रशासन धबधब्यांवर, घाटांत बंदी घालतं, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी बातम्या बघून घ्याव्यात.

मेअखेर ते मृगाचा पहिला मोठा पाऊस, हे काजव्यांचे दिवस. भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवती पांजरे, उडदावणे, मुरशेत, रतनवाडी या गावांच्या आसपास हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे दिसतात. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वनखातं नाक्यावर प्रवेशशुल्क घेतं आणि रात्रीच्या प्रवेशाला वेळेची मर्यादा घालतं. त्यामुळे या दिवसांत मुक्काम नाक्याच्या आतल्या गावात आहे की बाहेर शेंडीत, हे बुकिंगपूर्वी विचारलंच पाहिजे. शक्यतो अमावास्येच्या आसपासची रात्र धरा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीला पूर्व आणि उत्तर. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य, किंवा दिंडोरी-वणीचा द्राक्षपट्टा. निफाडची थंडी दरवर्षी बातमीत येते, ती खरीच असते. स्वेटर घेतला म्हणून भागत नाही, जागेवर जाड ब्लँकेट आहेत का ते विचारा. मार्च-एप्रिलमध्ये सुरगाणा तालुक्यातलं हतगड किंवा सप्तशृंगी गड बरा. उंचीमुळे निदान रात्री डोळा लागतो.

दिशा ठरली की भिंतीवरची दिनदर्शिका उघडा. श्रावणी सोमवारी, विशेषतः तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला, त्र्यंबकला गाडी लावायलाही जागा नसते. महाशिवरात्र आणि पौष वद्य एकादशीची निवृत्तिनाथांची यात्रा यांचंही तेच. सप्तशृंगीला चैत्रोत्सव, नवरात्र आणि कोजागिरीची कावड. यात्रेसाठीच जायचं असेल तर प्रश्न नाही, पण शांतता हवी म्हणून निघून या दिवशी तिथे पोचू नका. २०२६-२७ मध्ये सिंहस्थ कुंभमेळा आहे, मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात. त्या काळात नाशिक-त्र्यंबक रस्त्यावरच्या मुक्कामाचा विचार सोडून द्या आणि दुसरी दिशा धरा.

पोचायची वेळ मागून मोजा

डिसेंबरात नाशिकला सूर्य सहाच्या आसपास मावळतो, जूनमध्ये सव्वासातला. त्यातून दीड तास वजा करा. ती तुमची पोचायची वेळ. दीड तास एवढ्यासाठी की हातपाय धुऊन, चहा घेऊन, अंधार पडायच्या आत जागेभोवती एक चक्कर झाली पाहिजे. ती चक्कर मारली नाही तर तिथे राहिलात काय आणि घरी राहिलात काय!

आता प्रवासाचा वेळ. नाशिक ते भंडारदरा सत्तरेक किलोमीटर, नकाशा साधारण दोन तास सांगतो. घोटीला चहा, मध्ये एकदा लहान मुलांसाठी थांबणं, पावसाळा असेल तर घोटीपुढचे खड्डे आणि धुकं धरून तीन तास पकडा. डिसेंबरात साडेचारला पोचायचं तर दुपारी दीडला घर सोडायचं, म्हणजे जेवण उरकून एकला सगळे तयार पाहिजेत. तुमच्या घरात हे शक्य नसेल तर भंडारदऱ्याऐवजी इगतपुरी किंवा गंगापूर धरणाकडची जागा घ्या. लांबच्या सुंदर जागी रात्री नऊला पोचण्यापेक्षा जवळच्या बऱ्या जागी पाचला पोचलेलं परवडतं. माझा तरी हा नियमच आहे.

मुंबईचे पाहुणे थेट तिथे येऊन मिळणार असतील तर त्यांना समृद्धी महामार्गाने इगतपुरीपर्यंत यायला सांगा. जून २०२५ मध्ये तो शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाटातली रखडपट्टी टळते.

नकाशाने सुचवलेल्या जवळच्या वाटेवर लगेच विश्वास ठेवू नका. हरसूल, पेठ, सुरगाणा, अकोले या भागांत अशी वाट कधी पाड्यामधून जाते, कधी फरशीपुलावरून, आणि पावसाळ्यात फरशीवरून पाणी वाहतं. मालकाला एवढंच विचारा, ‘शेवटचे पाच किलोमीटर कसे आहेत, आणि लहान गाडी येते का?’ ‘येते ना’ एवढ्यावर थांबू नका. ‘गेल्या आठवड्यात कोणती गाडी आली होती?’ असं विचारलं की खरं उत्तर मिळतं. पेट्रोल घोटी, त्र्यंबक किंवा वणीलाच भरून घ्या.

जागेचे प्रकार

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची निवासं मोक्याच्या जागी आहेत. भंडारदऱ्याचं जलाशयाच्या काठावर, नाशिकचं ग्रेप पार्क गंगापूर धरणाजवळ. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील आणि रस्ता, पार्किंग, पावती याची चिंता नको असेल तर आधी तिथे चौकशी करा. सुटीच्या दिवसांसाठी बुकिंग फार आधी करावं लागतं.

त्र्यंबकला गजानन महाराज संस्थानाचं भक्तनिवास आहे, सप्तशृंगी गडावर देवस्थानाचं. स्वच्छ, स्वस्त आणि शिस्तीचं. रात्री गप्पांचा फड जमवायचा असेल तर मात्र ही जागा नव्हे.

वायनरींच्या मुक्कामाचं आकर्षण गंगापूर धरण आणि दिंडोरीच्या बाजूला. वाइन चाखायची असेल तर मुक्काम त्याच आवारात घ्या, म्हणजे नंतर गाडी चालवायचा प्रश्न येत नाही. द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. ऑगस्टमध्ये गेलात तर वेलींवर नुसती पानं असतात, घड शोधत बसू नका.

सगळ्यात जास्त जागा आता कृषी पर्यटन केंद्रांच्या आणि घरगुती निवासांच्या. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं, त्यानंतर द्राक्षबागायतदारांनी मळ्यात दोन-चार खोल्या बांधायला सुरुवात केली. इथेच सर्वांत गोड अनुभव येतात आणि इथेच फसगतही होते, कारण ‘फार्म स्टे’ या पाटीखाली मळ्यातल्या कौलारू घरापासून बायपासवरच्या पत्र्याच्या शेडपर्यंत काहीही असू शकतं. ओळखायची खूण एकच: मालक तिथे राहतो का? राहत असेल तर पाणी, चूल, कुत्री, रस्ता सगळ्याची काळजी त्याला स्वतःसाठीच घ्यावी लागते. नुसता केअरटेकर असेल तर फोनवर जास्त बारकाईने बोला.

जलाशयाकाठचे तंबू हिवाळ्यात आणि काजव्यांच्या दिवसांत मजेचे. भर पावसाळ्यात तंबूच्या नादी लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घाटघरच्या बाजूला वारा सुटला की तंबूत झोप लागत नाही आणि गादीखालून ओल वर येते.

कळसूबाईखालचं बारी, रतनगडाखालची रतनवाडी, साल्हेरखालचं साल्हेरवाडी अशा गावांत घराच्या पडवीत किंवा एखाद्या खोलीत उतरता येतं. ट्रेकर मंडळींना याचं अप्रूप. गुडघे दुखणाऱ्या आत्याला तिथे नेण्याआधी मात्र संडास कुठल्या प्रकारचा आहे ते विचारा.

फोन हाच खरा निकष

दोन-तीन जागा हेरल्या की फोन करा. ॲपवरून बुकिंग करणार असाल तरीही करा. नमुना असा:

‘भाऊ, नाशिकहून बोलतेय. शनिवारी आम्ही सहा जण येतोय. मोकळं आहे का?’
‘या ना ताई. दोन खोल्या देतो शेजारी-शेजारी.’
‘गरम पाणी कशावर?’
‘सोलर आहे ना.’
‘आणि पाऊस असला तर?’
‘मग बंब पेटवून देऊ. पण रात्रीच सांगून ठेवा, किती वाजता पाहिजे ते.’
‘जेवण कोण करतं?’
‘घरीच. आमची मंडळी करते. नागलीची भाकरी खाता का तांदळाची?’
‘दोन्ही चालेल. किती वाजेपर्यंत?’
‘साडेआठला बसा म्हणजे गरम मिळेल. नंतर आवराआवर होते.’

हा माणूस घेण्यासारखा आहे. सोलर ढगाळ दिवसांत चालत नाही हे त्याने दडवलं नाही, दुसरी सोय सांगितली, स्वयंपाक कोण करतं ते सांगितलं आणि आपल्या अटीही आधीच मांडल्या. याउलट प्रत्येक प्रश्नाला ‘सगळं मिळून जाईल, तुम्ही फक्त या’ असं उत्तर आलं तर समजावं की स्वयंपाक जवळच्या ढाब्यावरून येणार.

जेवणाचं आधी ठरवून टाका. खेड्यात सहा जणांचा स्वयंपाक ऐनवेळी होत नाही. गावठी कोंबडी हवी असेल तर सकाळीच सांगा, शाकाहारी किती, मांसाहारी किती, मुलांना तिखट चालतं का, हेही सांगा. त्या भागातलं मागा: भाकरी, पिठलं, ठेचा, खुरासणीची चटणी, घोटी-इगतपुरीकडे इंद्रायणीचा भात. यादीत पनीर टिक्का आणि मंचुरियन असेल तर तो मोह टाळा. खेड्यातलं पनीर कुठून आणि कधी आलंय, देव जाणे.

विजेचं विचारताना ‘जनरेटर आहे का’ असं विचारू नका. जनरेटर असतो, डिझेल नसतं. ‘लाइट गेली तर पंखे आणि बाथरूमचे दिवे इन्व्हर्टरवर चालतात का?’ असं विचारा. रेंजचं विचारताना कंपनीचं नाव घ्या. साम्रद-रतनवाडीकडे एका कंपनीची रेंज असते तेव्हा दुसरीची नसते. पैसे मोबाइलवरून जातील असं गृहीत धरू नका, थोडी रोकड जवळ ठेवा.

आवाजाचा प्रश्न नाशिकच्या आसपास वेगळा आहे. गंगापूर रोड, दिंडोरी रोड, त्र्यंबक रोड, औरंगाबाद रोड, सगळीकडे मंगल कार्यालयं आणि लॉन्स. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले की शेतातल्या शांत खोलीपर्यंतही बँडचा आवाज येतो. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, पण तुमची संध्याकाळ दहाच्या आतलीच असते ना! म्हणून दोन प्रश्न: ‘जवळ लॉन्स आहे का?’ आणि ‘त्या दिवशी दुसरा मोठा ग्रुप आहे का?’ पंचवीस जणांची ऑफिसची सहल शेजारी असेल तर दुसरी तारीख घ्या.

द्राक्षबागेतल्या मुक्कामाला आणखी एक प्रश्न लागतो, तो कुणी विचारत नाही. ‘फवारणी कधी आहे?’ ऑक्टोबर छाटणीनंतर बागेला वरचेवर फवारण्या लागतात, आणि ब्लोअर लावलेला ट्रॅक्टर पहाटेच सुरू होतो. व्हरांड्यात चहा घ्यायला बसावं आणि औषधाचा वास यावा, ही चूक मालकाची नाही. बाग त्याचं पोट आहे, खोल्या जोडधंदा. खोली बागेच्या कडेपासून जरा दूरची मागा, दमा असलेलं कुणी बरोबर असेल तर फवारणीचा दिवसच टाळा.

आणि बिबट्या. निफाड, सिन्नर, दिंडोरीच्या ऊसपट्ट्यात तो आहे, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. घाबरून मुक्काम रद्द करायचं कारण नाही. जेवणाची जागा खोल्यांपासून किती लांब आहे, वाटेवर दिवे आहेत का, कंपाउंड पूर्ण आहे का, एवढं विचारा. अंधार पडल्यावर मुलांना एकटं बाहेर सोडू नका.

फोटो वाचायची रीत

आता फोटो बघा. नाशिकच्या पश्चिमेकडच्या जवळजवळ प्रत्येक जागेचे फोटो ऑगस्टमधले असतात. हिरवा डोंगर, मागे धबधबा. तोच डोंगर एप्रिलमध्ये पिवळट तपकिरी असतो आणि धबधब्याच्या जागी काळी कातळरेघ. तुम्ही ज्या महिन्यात जाणार त्याच महिन्यात पाहुण्यांनी टाकलेले फोटो शोधा. तारखेनुसार लावून बघितले की पाच मिनिटांत चित्र स्पष्ट होतं.

‘लेक टच’ या शब्दांशी जरा सावध. भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पुरं झालं ते प्रवरेच्या लाभक्षेत्रातल्या शेतीसाठी. उन्हाळ्यात आवर्तनं, म्हणजे शेतीसाठी पाण्याच्या पाळ्या, सुटतात, पाणी खाली जातं आणि सप्टेंबरात तंबूच्या पायाशी असलेला काठ मे महिन्यात चिखल आणि दगड ओलांडून गाठावा लागतो. गंगापूर, वैतरणा, भावली इथेही थोडंफार हेच.

फोटोत संडास-बाथरूम नसेल तर मागवा. व्हॉट्सॲपवर साधा, आत्ता काढलेला फोटो पाठवा म्हणावं. लगेच पाठवणारा मालक निम्मी परीक्षा पास झाला. अभिप्रायांमध्ये पाच तारे आणि एक तारा दोन्ही सोडा, तीन-चार तारेवाले वाचा. ‘जागा छान, पण पाण्याला जोर नाही’ हे तेच लिहितात.

भाडं आणि आगाऊ रक्कम

भाडं माणशी आहे की खोलीमागे, जेवण धरून की वेगळं, ड्रायव्हरची सोय कुठे, मुलांचं निम्मं की पूर्ण, हे एका मेसेजमध्ये लिहून घ्या. करासकट किती तेही. रोजी ७५०० रुपयांपर्यंतच्या हॉटेलखोलीवर सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्के जीएसटी आहे. कुणी जास्त लावत असेल तर विचारा. आगाऊ रक्कम निम्म्याहून जास्त देऊ नका, आणि पावसामुळे रस्ता बंद झाला तर तारीख बदलून मिळेल का, हे त्याच मेसेजमध्ये ठरवा. घरगुती जागेवर दोनशे रुपयांसाठी घासाघीस करू नये असं मला वाटतं. ते दोनशे रुपये बहुतेकदा तुमच्याच ताटातून कमी होतात.

पोचल्यावर

सामान उतरवायच्या आधी खोली बघा. नळ सोडून बघा, संडासात पाणी आहे का, दाराची कडी आतून नीट बसते का, खिडकीला जाळी आहे का. चादर उचलून गादीला हात लावा, ओलसर असेल तर उजेड असतानाच खोली बदलून मागा. आधारकार्ड सगळ्यांची जवळ ठेवा, नोंद करावी लागते. आणि बिल रात्रीच चुकतं करा. सकाळी सहाला निघायचं असताना मालकाला झोपेतून उठवून हिशेब करत बसणं दोघांच्याही जिवावर येतं.

दोन आखण्या, हव्या तर तशाच उचला

हिवाळ्यात: नाशिकहून सकाळी उशिरा निघून सिन्नरला गोंदेश्वराचं मंदिर. पंचायतन आहे, म्हणजे मधल्या मंदिराभोवती चार लहान मंदिरं. काळ्या दगडातलं कोरीव काम निवांत बघायला तासभर तरी ठेवा. जेवून दुपारी नांदूरमध्यमेश्वरकडे. रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आलेलं हे महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ. मुक्काम चापडगावच्या शक्य तितका जवळ घ्या, कारण पक्षी बघायची वेळ पहाटेची. निरीक्षण मनोरे आहेत, स्थानिक गाइड मिळतात, दुर्बीण नसेल तर गाइड घ्याच. चक्रवाक, क्रौंच, चमचे, जांभळ्या पाणकोंबड्या आणि नशीब असेल तर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. नऊनंतर ऊन चढतं. नाश्ता त्यानंतर करू असं मालकाला आदल्या रात्री सांगून ठेवा आणि थर्मासमध्ये चहा भरून मागा. परतीला येवला गाठलंत तर पैठणीच्या मागांवर दुपार जाते, खिशाचं मात्र तुमचं तुम्ही बघा.

उत्तरेला: दिंडोरी, वणी, बोरगावचा घाट आणि हतगड. थंडीत बोरगावच्या आसपास रस्त्याकडेला स्ट्रॉबेरी विकायला असते. मुक्काम हतगडच्या बाजूलाच घ्या, सापुताऱ्याला चक्कर मारून परत या. सीमेपलीकडे गुजरात, तिथे दारूबंदी. दिंडोरीत घेतलेली वाइनची बाटली गाडीत असेल तर ती मुक्कामावर ठेवूनच सापुताऱ्याचा रस्ता धरा. दुसऱ्या दिवशी परतताना वणीवरून नांदुरीकडे वळून सप्तशृंगीचं दर्शन होतं. पायऱ्या झेपत नसतील तर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली, म्हणजे डोंगरउतारावर रुळांवरून चढणारी गाडी, आहे. रविवारी तिच्या रांगेचा वेळ धरून हतगडहून लवकर निघा.